रिकाम्या टँकरच्या होजमध्ये उरलेले रसायन: काढायचे कसे आणि जबाबदारी कोणाची?

प्रश्न: पनवेलकर_ट्रान्सपोर्ट

नमस्कार. आमचा रसायनवाहू टँकरचा छोटा व्यवसाय आहे. एसएस (स्टेनलेस स्टीलचे) टँकर मिथेनॉल, टोल्युइन आणि ॲसिटोनसाठी चालतात, तर दोन एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाचे) टँकर ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडसाठी राखून ठेवलेले आहेत. न्हावा-शेव्याच्या टर्मिनलमधून किंवा एखाद्या उत्पादकाकडून माल उचलायचा आणि तळोजा, पाताळगंगा, महाड, लोटे, क्वचित कुरकुंभ येथे उतरवायचा, असे आमचे काम आहे. टँकर, वॉल्व्ह, कागदपत्रे, चालकांचे प्रशिक्षण हे सगळे मार्गी लागलेले आहे. घोडे अडते ते होजपाशी, म्हणजे माल उतरवण्याच्या लवचीक नळीपाशी.

मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचा होज असतो, परंतु लहान कारखाने टँकरसोबतच होज मागवतात. त्यामुळे आमच्या प्रत्येक गाडीच्या बाजूला लोखंडी पेटीत सहा मीटरचा होज असतो, सॉल्व्हंटसाठी ५० मिलिमीटर व्यासाचा आणि काही ठिकाणी ७५ मिलिमीटरचा. माल उतरून पोच हातात पडली, की सुरक्षारक्षक गाडी बाहेर काढण्याची घाई करतो. चालक आणि क्लिनर होज सोडवतात, जमेल तेवढा निथळतात, एका टोकाला प्लॅस्टिकची पिशवी तारेने बांधतात, दुसऱ्या टोकात चिंधी कोंबतात आणि होज पेटीत टाकून निघतात. आत किती माल राहिला याची मोजदाद कोणीच करत नाही. अलीकडेच एका टोलनाक्यावर मागच्या गाडीच्या चालकाने आमच्या माणसाला थांबवून पेटीतून थेंब गळत असल्याचे दाखवले. माल मिथेनॉल होता आणि शेजारच्या रांगेत कोणीतरी विडी ओढत उभा होता.

माझ्या शंका अशा आहेत. टँकर रिकामा असताना होजमध्ये राहिलेला हा माल कायद्याच्या दृष्टीने धोकादायक मालच समजायचा का? तो काढून घेण्याची जबाबदारी माल घेणाऱ्याची की आमची? एका कारखान्याने 'तुमचा होज, तुमचा माल, गेटबाहेर जाऊन मोकळा करा' असे आमच्या चालकाला सुनावले. ते योग्य नाही एवढे मला कळते, पण त्यावर चालकाने काय म्हणावे हे मला त्याला सांगता आले पाहिजे. शिवाय होज रिकामा करण्यासाठी हवा मारावी, नायट्रोजन मारावा की पाणी, याबद्दल प्रत्येक जण वेगळे सांगतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: पाताळगंगा_अनलोडिंग

मी एका कारखान्याच्या टँक फार्मवर माल उतरवून घेण्याचे काम पाहतो, म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल तक्रार करत आहात त्या बाजूचा माणूस आहे. तरीही सुरुवातीलाच सांगतो की गेटबाहेर मोकळा करा म्हणणारा कारखाना चुकीचा आहे. होजमधला माल चलानवर आहे, त्याचे पैसे कारखान्याने मोजलेले आहेत आणि तो घेण्यासाठी लागणारी टाकी, पंप आणि ट्रे कारखान्याकडेच आहेत. रस्त्यावर उभ्या असलेल्या चालकाकडे यातले काहीही नसते.

आधी आत किती राहते ते पाहू, कारण 'थोडेसे असते' हा सर्वांचा समज आहे. ५० मिलिमीटर व्यासाच्या होजमध्ये दर मीटरला जवळजवळ दोन लिटर माल मावतो, म्हणजे सहा मीटरचा भरलेला होज सुमारे १२ लिटर धरतो. ७५ मिलिमीटरचा असेल तर दर मीटरला साडेचार लिटरच्या आसपास, म्हणजे पूर्ण होजमध्ये २६ लिटरहून अधिक. पंप हवा ओढू लागला की माणसे टँकर संपला असे समजून पंप बंद करतात, पण त्या वेळी होजचा जो भाग जमिनीवर झोळीसारखा लोंबलेला असतो त्यात माल तसाच साचलेला असतो. कंपोझिट होज असेल तर आतल्या तारेच्या वेटोळ्यांमुळे प्रत्येक खाचेत थोडा थोडा माल अडतो आणि तो निथळायला गुळगुळीत पीटीएफई (टेफ्लॉनच्या) होजपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

आमच्याकडे जे करतो ते असे. टँकर उभा करतानाच पुढची चाके किंचित उंचावर येतील असा उतार ठेवलेला आहे, म्हणजे मागच्या आउटलेटकडे माल वाहत येतो. पंप हवा ओढू लागल्यावर तो लगेच बंद करत नाही, कारण आमचा पंप हवेवर चालणारा डायफ्राम पंप आहे आणि तो थोडा वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही. सेंट्रिफ्युगल पंप असेल तर मात्र तो कोरडा चालवू नये, सील जळते. त्यानंतर टँकरचा वॉल्व्ह बंद करून होजचे टँकरकडचे टोक ट्रेवर धरून सोडवतात आणि दोन माणसे ते टोक उंच धरून हळूहळू कारखान्याच्या बाजूकडे चालत येतात, जेणेकरून झोळ पुढे सरकत जातो आणि साचलेला माल पंपाच्या सक्शनमध्ये जातो. हे एकदा करून भागत नाही. थोडे थांबून पुन्हा करावे लागते, कारण भिंतींना चिकटलेला माल तोवर खाली उतरलेला असतो. सगळे मिळून दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

कॅमलॉक (कान उचलून उघडणारे होजचे कपलिंग) सोडवताना दोन्ही कान एकदम उघडू नयेत. आधी एक कान अर्धा उचलावा, कपलिंग किंचित हलवून आत दाब किंवा माल आहे का ते पाहावे आणि मगच दुसरा उचलावा. उभे राहायचे ते कपलिंगच्या बाजूला, समोर कधीही नाही. तोंडावर फेसशील्ड, हातात त्या मालाला चालणारे हातमोजे. अर्थिंगची क्लिप सर्वांत शेवटी काढायची, होज पूर्ण सुटून दोन्ही टोकांना टोपणे बसल्यानंतर. टोल्युइनसारखा माल वीज वाहून नेत नाही, त्यात साठलेला स्थिर विद्युतभार लगेच उतरत नाही आणि नेमक्या होज सोडवण्याच्या क्षणी तोंडाशी वाफा असतात.

पाणी, हवा की नायट्रोजन, यावर माझे मत ज्वालाग्राही मालापुरते ठाम आहे. नायट्रोजन असेल तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाबाने, होज कारखान्याच्या लाइनला घट्ट जोडलेला असताना, टाकीचा व्हेंट मोकळा असल्याची खात्री करून मारावा. होजमधला माल संपून वायू एकदम टाकीत शिरतो त्या वेळी टाकीला धक्का बसतो, म्हणून दाब कमी ठेवायचा. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते) ११ ते १२ अंश आहे, टोल्युइनचा ४ अंश आणि ॲसिटोनचा तर शून्याखाली जवळजवळ २० अंश. आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत यांची वाफ पेटण्याजोगी असते. अशा होजमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारणे म्हणजे पेटायला जे हवे ते आपणच आत भरणे. नायट्रोजन नसेल तर उचलून निथळणे पुरेसे आहे, हवा नको.

उत्तर: लोटे_कुरकुंभ_टँकर

मी आधी स्वतः टँकर चालवत होतो, आता दोन गाड्यांचा मालक आहे. पाताळगंगाच्या साहेबांनी लिहिलेले सर्व पटले, परंतु ती दहा मिनिटे चालकाला देतो कोण? मागे चार गाड्या उभ्या असतात, शिफ्ट बदलत असते आणि माल उतरवणारा कंत्राटी मुलगा जेवायला गेलेला असतो. चालकाने होज निथळण्यासाठी वेळ मागितला, तर पुढच्या खेपेला त्याची गाडी मुद्दाम शेवटी लावली जाते. म्हणून माझे म्हणणे असे, की हे काम चालकाच्या विनंतीवर सोडू नये. ट्रान्सपोर्टरने भाड्याच्या करारातच लिहून घ्यावे, की माल उतरण्याच्या वेळेत होज निथळणे धरलेले आहे आणि होज कोरडा झाल्याची नोंद पोच देताना केली जाईल. पोच दिल्यावर चालकाच्या हातात काहीही उरत नाही. पोच होज निथळल्यानंतरच घ्यायची, हा क्रम पाळला तर अर्धी भांडणे मिटतात.

आता ॲसिडबद्दल, कारण त्यात पाण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडाला फारसे खात नाही, कारण लोखंडावर सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. म्हणूनच एमएस टँकर चालतात. मात्र त्यात थोडे पाणी मिसळले, की तेच ॲसिड विरळ होऊन लोखंड खाऊ लागते आणि हायड्रोजन सुटतो. टोपण न लावता ठेवलेल्या होजमध्ये उरलेले ॲसिड पावसाळ्यातल्या कोकणच्या हवेतील ओलावा ओढून घेते आणि होजच्या टोकाचे लोखंडी फिटिंग आतून कुरतडले जाते. बाहेरून रंग शाबूत असतो. एक दिवस पंप सुरू होताच फिटिंग होजमधून निसटते, आणि त्या वेळी समोर कोण उभे आहे यावर सगळे अवलंबून राहते. त्यामुळे ॲसिडचा होज अर्धवट धुणे हे न धुण्यापेक्षा वाईट. धुवायचा असेल तर भरपूर पाण्याने, धुलाईच्या जागी, आणि नंतर पूर्ण कोरडा करून. नाहीतर पूर्ण निथळून, दोन्ही टोके घट्ट बंद करून तो फक्त त्याच ॲसिडसाठी ठेवायचा. थोडे पाणी आत टाकून हलवणे तर अजिबात नको, उष्णता सुटून ॲसिड उसळते.

हवेच्या बाबतीत ॲसिडला माझा विरोध नाही, पण हवा कोरडी असावी आणि दाब कमी. जोरात मारली तर दुसऱ्या टोकाला ॲसिडचे धुके उडते.

होजवर रंगाचे पट्टे आणि पत्र्याचा बिल्ला लावावा, म्हणजे कोणता होज कोणत्या मालाचा हे अंधारातही कळते. ज्या होजमधून कधी सोडियम हायपोक्लोराइट गेले आहे तो हायड्रोक्लोरिक ॲसिडला लावला, तर क्लोरीन सुटतो. सोडियम हायड्रोसल्फाइडच्या होजमधून ॲसिड सोडले, तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. यासाठी होज भरलेला असावा लागत नाही. खाचांमध्ये अडकलेला माल पुरतो.

उत्तर: निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

मूळ प्रश्नातील कायद्याच्या भागाकडे वळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी आहेत. नियम १३१ माल पाठवणाऱ्याची, नियम १३२ वाहनमालकाची आणि नियम १३३ चालकाची जबाबदारी सांगतो. यातील १३३ मुद्दाम वाचावा. वाहन चालत असताना आग, स्फोट किंवा धोकादायक मालाची गळती होऊ नये यासाठीच्या सर्व सूचना चालकाने सतत पाळल्या पाहिजेत आणि वाहन उभे असेल तेव्हा ते सुरक्षित जागी उभे केले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. माल मुख्य टाकीतून गळतो की पेटीतल्या होजमधून, असा फरक करण्याला माझ्या मते त्यात जागा नाही. टोलनाक्यावर थेंब गळत असेल तर मालाची गळती होत आहे, आणि पोलिसांनी गाडी अडवली तर पहिला सापडेल तो चालक. माल उतरवून घेणारा कारखाना या तीन नियमांत थेट कुठेच दिसत नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी उणीव आहे. म्हणूनच लोटेच्या मित्रांनी सुचवलेला कराराचा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

टँकर रिकामा झाला म्हणून चालकाने ट्रेम कार्ड (अपघातात काय करावे हे सांगणारे मालाचे कार्ड) आणि फलक काढून ठेवण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. टाकी आणि होज धुऊन वाफमुक्त होईपर्यंत गाडीत तोच माल आहे असे धरूनच फलक, ट्रेम कार्ड, अग्निशामक आणि चालकाची शिस्त कायम ठेवावी. अपघात झाला तर अग्निशमन दलाला फलकावरूनच कळणार आहे की समोर काय आहे.

चिंधीबद्दलही लिहायला हवे. घातक आणि इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत रसायनांनी माखलेल्या चिंध्या आणि पुसण्याचे साहित्य हा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदलेला आहे. त्यामुळे होजच्या तोंडातली ती चिंधी ढाब्यामागे टाकून देण्याची वस्तू नाही. ती कारखान्यातच, घातक कचऱ्याच्या पिंपात जायला हवी. तसेही चिंधी म्हणजे टोपण नव्हे. मिथेनॉलसाठी ती वातीचे काम करते. प्रत्येक होजला साखळीने बांधलेली दोन कॅमलॉक टोपणे गॅस्केटसह द्यावीत, तो खर्च अगदी किरकोळ आहे.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो, कारण टोपणे लावली की प्रश्न संपला असे समजले जाते. भरलेल्या होजची दोन्ही टोके घट्ट बंद केली आणि पेटी मे महिन्याच्या उन्हात तापली, तर द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जायला जागा नसते. मिथेनॉलचे तापमान ३० अंशांनी वाढले तर त्याचे आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. होज थोडा ताणला जातो, मग गॅस्केटमधून पाझरू लागतो. अर्धा भरलेला असेल तर वाफेचा दाब चढतो. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते आणि बंद लोखंडी पेटी भर उन्हात किती तापते हे हात लावून पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. पुढच्या ठिकाणी क्लिनर टोपणाचा कान उचलतो आणि माल थेट चेहऱ्यावर येतो. म्हणून क्रम असा, की आधी निथळणे आणि नंतर टोपण. निथळण्याऐवजी टोपण लावणे हा धोका रस्त्यावरून उचलून पुढच्या कारखान्यातल्या माणसाच्या तोंडाशी नेणे आहे.

प्रश्नकर्ता: पनवेलकर_ट्रान्सपोर्ट

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न आहे. एका कारखान्याने असा तोडगा सुचवला आहे, की माल उतरल्यावर होज आणि टाकी तिथेच थोड्या पाण्याने खंगाळायची, ते पाणी टँकरमध्येच ठेवायचे आणि आम्ही ते आमच्या पनवेलच्या आवारात आणून सोडायचे. आवारात गाड्या धुण्यासाठी सिमेंटची जागा आहे, तिचे पाणी बाहेरच्या गटाराला मिळते. माझ्या भागीदाराला हा तोडगा पसंत आहे, मला शंका वाटते.

उत्तर: निवृत्त_सुरक्षा_अधिकारी

आपली शंका रास्त आहे आणि भागीदारांना स्पष्ट नकार द्यावा. रसायनाचा अंश असलेले धुलाईचे पाणी गटारात सोडणे हे जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि ट्रान्सपोर्टच्या आवारात प्रक्रिया केंद्र नसेल तर तशी संमती मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खंगाळलेले पाणी त्या कारखान्याच्याच ईटीपीमध्ये (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) गेले पाहिजे. ज्याच्याकडे त्या मालाची ईटीपी आहे त्याच्याच आवारात होज धुणे हे सर्वांत कमी कटकटीचे आहे. दुसरा मार्ग म्हणजे मंडळाची संमती असलेले टँकर धुलाई केंद्र गाठणे. घट्ट गाळ किंवा विल्हेवाट लावण्याजोगा अवशेष निघाला, तर तो नमुना १० च्या मॅनिफेस्टवर (घातक कचऱ्याच्या वाहतूक नोंदपत्रावर) तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे जातो.

गटारात सोडलेले थोडेसे पाणी काय करू शकते, हे सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. २०१४ मध्ये उल्हासनगर परिसरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि रात्रीत शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरून सहा कामगारांचा मृत्यू झाला. या दोन्ही ठिकाणी टँकरभर माल होता, होजभर नव्हता, हे मान्य. परंतु गटारात आधीपासून काय वाहते आहे हे सोडणाऱ्याला माहीत नसते, आणि एकाच आवारात आज ॲसिडचा आणि उद्या सल्फाइडचा होज धुतला गेला तर दोन्ही त्याच गटारात भेटतात.

उत्तर: रॉटरडॅमहून

मी मूळचा चिपळूणचा, गेली काही वर्षे रॉटरडॅम बंदरात रसायनांच्या टर्मिनलवर काम करतो. इकडची पद्धत सांगावीशी वाटली, कारण आपल्या मूळ प्रश्नाला इथल्या नियमात सरळ उत्तर आहे. धोकादायक मालाच्या रस्तावाहतुकीसाठी युरोपात एडीआर नावाचा करार लागू आहे, जो १९५७ मध्ये जिनिव्हात झाला आणि नियमितपणे सुधारला जातो. टाकीला कायमचे न जोडलेले, माल भरण्या-उतरवण्याचे लवचीक होज वाहतुकीदरम्यान रिकामे असले पाहिजेत, असे त्यात सांगितलेले आहे. शिवाय न धुतलेला रिकामा टँकर भरलेल्या टँकरसारखेच फलक लावून चालतो. त्यामुळे इथे चालक होज निथळल्याशिवाय जागचा हलत नाही आणि टर्मिनलवाल्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

अमेरिकेत हाच विषय टँकरखालच्या पाइपिंगच्या अंगाने गाजला. तिथल्या संघीय नियमांत विषारी, ऑक्सिडायझर आणि दाहक द्रव टँकरच्या बाहेरच्या पाइपिंगमध्ये ठेवून वाहतूक करण्यास, अपघातापासून संरक्षण देणारी रचना नसेल तर, मनाई आहे. शक्य तितके निथळल्यानंतर उरलेला अंश तेवढा त्यातून वगळलेला आहे. पेट्रोल मात्र त्या मनाईत बसत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये न्यूयॉर्कजवळ योंकर्स येथे एक मोटार पेट्रोलच्या टँकरखालच्या भरण्याच्या पाइपांवर आदळली, त्या पाइपांत राहिलेले पेट्रोल सांडून पेटले आणि मोटारचालकाचा मृत्यू झाला. आग सुरू झाली ती पाइपांतल्या पेट्रोलपासून. त्यानंतर पेट्रोलसाठीही तसा नियम करण्याचे प्रस्ताव आले, खर्च की सुरक्षितता यावर वर्षानुवर्षे वाद झाले आणि नियम काही झाला नाही. तेव्हा सगळे काही परदेशात सुटलेले आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

इथली एक गोष्ट तिकडेही सहज जमण्यासारखी आहे. माल घेणाऱ्या कारखान्यानेच स्वतःचा होज ठेवावा, एका मालाला एक, आणि तो कारखान्याबाहेर जाऊच नये. टँकरसोबत होज नसला तर होजमधला माल रस्त्यावर येण्याचा प्रश्नच उरत नाही. कोरडे सुटणारे कपलिंगही मिळते, ज्यात होज काढताना दोन्ही बाजूंचे झडप आपोआप बंद होतात आणि अगदी थेंबभरच माल बाहेर येतो. ते महाग असते, पण नेहमीच्या ग्राहकाकडे एकदा बसवले की झाले.

उत्तर: पाताळगंगा_अनलोडिंग

रॉटरडॅमच्या मित्रांशी सहमत, फक्त एक दुरुस्ती सुचवतो. कोरड्या कपलिंगने गळती थांबते, निथळणे होत नाही. उलट दोन्ही झडपांमध्ये होज भरलेलाच राहतो आणि तो तसाच टँकरसोबत निघाला, तर वर सांगितलेला उन्हातल्या दाबाचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. कारखान्यातच राहणाऱ्या होजला ते उत्तम. गाडीसोबत फिरणाऱ्या होजला नाही.

प्रश्नकर्ता: पनवेलकर_ट्रान्सपोर्ट

पुन्हा आभार. नेहमीच्या ग्राहकांना कारखान्यातच होज ठेवण्याची विनंती करणारे पत्र देतो आहे. जे ठेवणार नाहीत त्यांच्या करारात, होज निथळून टोपणे लावल्यावरच पोच आणि निथळण्याचा वेळ उतरवण्याच्या वेळेत, अशी अट टाकतो. ॲसिडचे होज वेगळे केले आहेत. आता फक्त एक व्यावहारिक अडचण उरते. होज खरोखर निथळला आहे हे चालकाने आणि कारखान्याच्या माणसाने कसे ठरवायचे? आत डोकावून पाहणे तर धोक्याचे आहे.

उत्तर: लोटे_कुरकुंभ_टँकर

डोकावायचे नाहीच. वजन करा. कोरड्या होजचे टोपणांसह वजन एकदा करून बिल्ल्यावर कोरून ठेवा आणि गाडीत एक ताणकाटा द्या. मिथेनॉलचा भरलेला ५० मिलिमीटरचा होज साडेनऊ किलोने जड भरतो, सल्फ्युरिक ॲसिडचा तर २२ किलोने, कारण त्याची घनता १.८४ आहे. किलोभर फरक आला तरी पुन्हा उचलून निथळा. काट्यावरचा आकडा पोचवर लिहिला की वाद घालायला जागा राहत नाही, आणि क्लिनर नवा असला तरी त्याला हे काम समजते.

याचा सर्वांत जास्त उपयोग गोठणाऱ्या मालाला होतो. आपण पुढेमागे फिनॉल घेतलेत तर लक्षात ठेवा, की ते ४१ अंशांच्या आसपास गोठते. हिवाळ्यात कुरकुंभला ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडसुद्धा होजमध्ये गोठते, कारण त्याला १६ ते १७ अंश पुरतात. असा होज उलटा धरला तरी थेंब पडत नाही, म्हणून सगळे तो रिकामा समजतात. पुढच्या ठिकाणी कोणी त्यावर स्टीम सोडली, की मधली गुठळी सुटून मागे अडकलेला माल जोरात बाहेर येतो. फिनॉल त्वचेतून शरीरात शिरते आणि त्वचा बधिर करते, त्यामुळे माणसाला भाजल्याचे लगेच कळतसुद्धा नाही. अशा मालाचा होज गरम असतानाच, कारखान्याच्या लाइनला जोडलेला असतानाच निथळायचा, लगेच वजन करायचे आणि आकडा जास्त आला तर गाडी हलवायची नाही.

काटा घेताना हुक मोठा असलेला घ्या, आणि होज मधोमध हुकावर न टांगता सैल वेटोळे करून पट्ट्याने लटकवा, नाहीतर मधल्या वळणावर तार वाकते.